माझे खोटे सोमवार

मला भूक सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे माझ्या उपासांची गोष्ट येणार आहे आणि त्यासाठी कुणी मला हात जोडू नयेत. आमच्या घरी सासूबाई एकादशी करतात, आमचे हे वर्षातून एकदा महाशिवरात्र करतात. मी दोघांसाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करते, त्यांच्याबरोबर बसून ती खाते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पोळीभाजीही खाते. अशी मी बाई एका हिवाळ्यात आठवड्यातून तीन-तीन, चार-चार दिवस उपास करायला लागले. सासूबाईंना वाटलं, सुनेला उशिरा का होईना बुद्धी झाली. यांना वाटलं, डॉक्टरांनी वजनावरून काही सुनावलं असेल. खरं कारण दोघांनाही सांगण्यासारखं नव्हतं.

अंबडला एका कारखान्यात मी नोकरी करते. तिथे दिव्यापंख्यांची बटणं तयार होतात. आमच्या टेबलावर तेव्हा सहा जणी होतो. काम एकच. बटण हातात घ्यायचं, दहा वेळा खालीवर करायचं, खटका नीट वाजतो का ते ऐकायचं, कुठे चीर गेलीय का बघायचं. चांगलं असेल तर त्याला आपल्या नंबरचा स्टिकर लावून हिरव्या ट्रेमध्ये, नसेल तर लाल ट्रेमध्ये. दिवसभर खट खट खट. अजूनही घरात कुणी दिवा लावला की मी मान वळवून ऐकते.

या सगळ्यात साडेबाराची जेवणाची सुट्टी म्हणजे आमचा सण. कँटीनच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यातलं लांब टेबल आमचं. डबे उघडायचे, झाकणं मधे मांडायची, प्रत्येकीने आपली भाजी झाकणात काढायची आणि मग जिला जे हवं ते. आमचं घर मखमलाबादकडे, मळ्यात. आम्ही भाजीपाला आणि फुलं करतो. सकाळी खुडलेली मेथी दुपारी डब्यात, त्यामुळे माझ्या झाकणाला मान होता. त्याचा मला थोडा गर्वही होता.

टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईंना आम्ही काकू म्हणायचो. पंचवटीत राहायच्या, साठीला टेकलेल्या. काकू वाईट नव्हत्या, हे मला नीट सांगायला हवं. माझे सासरे दवाखान्यात होते तेव्हा कामावरून सुटल्यावर दोन रिक्षा बदलून मुगाची खिचडी घेऊन येणाऱ्या काकूच. आमच्यातल्या सगळ्यात धाकटीचं लग्न ठरलं होतं, तिला आम्ही नवरीबाई म्हणायचो. तिचे सगळे ब्लाउज रविवारी बसून फुकट शिवून देणाऱ्याही काकूच. काकूंना फक्त माणसाचं सगळं माहीत असावं लागायचं. गाव कुठलं, माहेर कुठलं, मामा कोण. त्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही.

दिवाळी झाल्यावर आमच्या टेबलावर सहावी, नवीन बाई आली. मूळची निफाडकडची, सिडकोत भाड्याने राहणारी, पस्तिशीची. आम्ही तिला निफाडवाली म्हणायला लागलो. कामात इतकी चलाख, की बटण हातात घेतल्याबरोबर, खटका वाजायच्या आधीच तिला कळायचं. काकूंनी पहिल्याच दिवशी चौकशी केली, पण आडनाव असं होतं की त्यावरून काहीच कळेना. आणि तिसऱ्या दिवशी तिने हुलग्याचे शेंगोळे आणले.

शेंगोळे मीही करते. पण तिचे शेंगोळे म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. लसणाचा वास शेडच्या दारापर्यंत. काकूंनी स्वतः दोनदा वाढून घेतले आणि झाकणातला रस्सा पोळीने पुसून खाल्ला. "पीठ कशात भिजवतेस गं?" म्हणून विचारलं. पंधरा-वीस दिवस असे मजेत गेले.

मग एके दिवशी जेवताना निफाडवालीने मोबाइल काढला. तिच्या मुलीला शाळेत भाषणासाठी बक्षीस मिळालं होतं. मुलगी घरात उभी, हातात ढाल, दोन वेण्या, फार गोड हसत होती. मोबाइल हातोहात फिरला. काकूंकडे आला तेव्हा त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आम्हाला वाटलं, मुलीचा चेहरा बघतायत. काकू भिंत बघत होत्या. मुलीच्या मागे भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं आणि त्याच्या शेजारी निळ्या कोटातली तसबीर.

"छान आहे मुलगी," काकू म्हणाल्या, आणि मोबाइल टेबलावर ठेवला. हातात दिला नाही, टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकूंना पित्त झालं. "आजपासून मी माझं माझंच खाणार बाई, डॉक्टरांनी सांगितलंय." त्यानंतर नवरीबाईला तिखट सोसेना. उरलेल्या दोघींपैकी एकीला हुलगे उष्ण पडायला लागले आणि दुसरीने काही कारणच दिलं नाही, नुसती तोंड फिरवून बसली. चार दिवसांत आमच्या टेबलावर इतके आजार झाले, की कंपनीने डॉक्टर ठेवायला हवा होता. गंमत म्हणजे निफाडवाली पाणी भरायला उठली की हे सगळे आजार बरे व्हायचे आणि झाकणं पटकन एकमेकींकडे सरकायची. ती परत आली की पुन्हा पित्त.

मोबाइलवर आमचा डब्याचा ग्रुप होता. कुणी काय आणायचं ते त्यावर ठरायचं. तो एकाएकी शांत झाला आणि एक नवीन ग्रुप निघाला. त्यात पाच जणी. नावाच्या पुढे फक्त दोनचा आकडा लावलेला. डोकं एवढंच चाललं होतं.

आता माझं. मला पित्त नव्हतं आणि मिरची तर मी काकडीसारखी खाते, हे सगळ्यांना माहीत होतं. मग मी उपास काढला. आधी सोमवार. तेव्हा मार्गशीर्ष चालू होता, म्हणून गुरुवारही खपून गेला. मग शनिवार, संकष्टी, एकादशी. मनातल्या मनात मी स्वतःला म्हणायचे, मी तर कुणालाच नाही म्हणत नाही, मी तर कुणाचंच खात नाही. म्हणजे मी कुणाच्याच बाजूची नाही. फार शहाणपणाची सोय वाटायची मला ती. डब्यात साबुदाणा घेऊन जायचे आणि तीन वाजता भुकेने बटणांचा खटका दोन-दोनदा ऐकू यायचा.

उपास नसलेल्या दिवशी मी निफाडवालीच्या शेजारी बसायचे आणि घाईघाईने डबा संपवायचे. झाकणात भाजी काढायचं मात्र तिने बंद केलं नव्हतं. रोज काढायची, मधे ठेवायची, आणि सुट्टी संपल्यावर ती तशीच डब्यात परत घालून घेऊन जायची.

एका सोमवारी मी साबुदाण्याचा डबा उघडते तोच तिने माझ्यापुढे कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उकडलेलं रताळं. चांगलं मोठं, अख्खं.

"उपासाला चालतं ना ताई?" तिने विचारलं.

"चालतं की," मी म्हणाले. समोरून काकू बघत होत्या. माझा हात मांडीवरून वर येईना.

तिने ते पाहिलं. आणि अगदी हसऱ्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सालासकट आणलंय. साल काढून टाकलं, की माझं काय राहत नाय त्याला."

"संध्याकाळी खाईन," असं काहीतरी पुटपुटून मी रताळं पिशवीत टाकलं. सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून, पदराआड लपवून मी ते खाल्लं. सालासकट. चोरून खायचं तर निदान पुरतं खावं, असं वाटलं असेल. रताळं फार गोड होतं, याचाही मला राग आला.

उतरताना ठरवलं, उद्या सरळ तिच्या झाकणात हात घालायचा. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. काकू म्हणाल्या, "अंगारकी आहे ना आज, धरलीस का?" मी म्हणाले, "हो."

संक्रांतीला काकू दरवर्षी घरी केलेले तिळाचे लाडू आणायच्या. सगळ्या उभ्या राहिलो, काकू एकेकीच्या हातावर लाडू ठेवत "गोड बोला" म्हणत पुढे सरकत होत्या. निफाडवालीपाशी आल्यावर त्यांनी हात जरा वर धरला, लाडू वरून टाकायच्या बेताने. निफाडवालीने पसरलेला हात थोडा खाली नेला. काकूंना अंतर जास्त झालं, लाडू फुटेल म्हणून त्यांनी आपला हात खाली आणला. तिने आणखी खाली नेला. काकू वाकल्या. ती गुडघ्यापर्यंत गेली. दोघी अशा समोरासमोर वाकलेल्या, जणू फरशीवर पडलेलं काहीतरी शोधतायत.

"काकू, अजून खाली जाऊ का?" निफाडवाली म्हणाली. "आता फरशी आली."

पलीकडच्या लाइनवरची पोरं खो खो हसली. मलाही हसू फुटलं आणि मी ते खोकल्यात घालवलं. काकूंचा चेहरा लाल झाला. लाडू त्यांनी डब्यात परत टाकला आणि झाकण लावलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी हसलं नव्हतं.

तिथून गोष्ट बिघडली. निफाडवालीचा ॲप्रन खिळ्यावरून खाली पडलेला दिसायला लागला. तिची खुर्ची गायब व्हायची आणि डगडगणारी तिच्या जागी यायची. ती आली की नवरीबाई नाकाला रुमाल लावायची, आणि कुणी विचारलं की "सर्दी" म्हणायची. काकूंनी हे सांगितलं होतं असं मला वाटत नाही. पण त्या थांबवतही नव्हत्या, आणि काकू बघतायत म्हटल्यावर नवरीबाईला जोर चढायचा.

फेब्रुवारीत एका दुपारी मी चिकटपट्टीचं रीळ आणायला उठले. कपाट टेबलाच्या मागच्या बाजूला आहे. निफाडवाली तेव्हा जागेवर नव्हती. मी कपाटाचं दार लावून वळले तर नवरीबाई लाल ट्रेमधली बटणं निफाडवालीच्या हिरव्या ट्रेमध्ये ठेवत होती. एकेक बटण घेऊन, निफाडवालीच्याच रिळावरचा स्टिकर लावून. फार नीटपणे करत होती. कामात तिने एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं. मी दिसले तशी ती जरा दचकली, मग ओळखीचं हसली. मीही हसले. हे मला अजून आठवतं. मी हसले आणि जाऊन बसले.

तासाभराने सुपरवायझर साहेब आले. ट्रेमधली बटणं त्यांनी टेबलावर ओतली. चिरा गेलेली, खटका न वाजणारी, सगळी निफाडवालीच्या नंबरची.

"मी नाय लावले हे स्टिकर," ती म्हणाली.

"मग नंबर काय भुताचा आहे?" साहेब म्हणाले. "उद्या ऑफिसात या. तुमचं बघू."

टेबलावर सगळ्या माना खाली. खट खट खट.

चहाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली. रडलेली वगैरे नव्हती. "ताई," म्हणाली, "तुम्ही रीळ आणायला उठला होता. मी पाणी भरून येत होते, तेव्हा लांबून तुम्हाला कपाटापाशी बघितलं. काय दिसलं का तुम्हाला?"

"नाही" म्हणायला काहीच लागलं नसतं. ओठांवर आलंच होतं ते. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, की माझं उत्तर तिला आधीच माहीत आहे आणि ते ऐकायचं एवढंच काम उरलंय. माझे सगळे सोमवार-गुरुवार तिने असेच ऐकून घेतले होते, हे मला एकदम कळलं.

"दिसलं," मी म्हणाले.

"मग लिहून द्या."

"अगं, लिहून कशाला? मी सांगते ना साहेबांना."

"तोंडी सांगितलेलं उद्या बदलतं. लिहा."

तिने वहीचं पान आणि पेन आणलंच होतं. दहावीनंतर मी किराणा यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात बसून मी बऱ्याच विचाराने लिहिलं, की आज टेबलावर काही गैरसमज झालेला असून सर्व भगिनींनी मिळूनमिसळून राहावे ही नम्र विनंती.

तिने वाचलं. "हा अर्ज हाय का सुविचार?"

दुसऱ्या पानावर मी ट्रेचं लिहिलं. जे पाहिलं ते, जिने केलं तिचं नाव घालून. माझं अक्षर मलाच ओळखू येईना. मला वाटलं, सुटले. ती म्हणाली, "आता हे कधीपासून चालू हाय, ते."

"काय चालू आहे?"

"जेवणाचं."

"त्यात लिहिण्यासारखं काय घडलंय? आम्ही नुसतं खाल्लं नाही."

"तेच लिहा," ती म्हणाली.

मी लिहिलं, टेबलावरील काही महिलांनी सदर महिलेच्या डब्यातील पदार्थ घेणे बंद केले. तिने 'काही' या शब्दावर बोट ठेवलं. मी तो खोडला आणि चार नावं लिहिली, काकूंचंही. काकूंचं नाव लिहिताना मला मुगाची खिचडी आठवत होती आणि तरीही मी ते पूर्ण लिहिलं. ती तशीच उभी.

"सहा जणींचं टेबल," ती म्हणाली. "मी एक. तुम्ही लिहिल्या चार."

मग चार नावांच्या वरती, ओळीच्या सुरुवातीला, माझं नाव लिहिलं. खाली जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर खाली जागा होती. नावापुढे मी असंही लिहिलं, की मी स्वतः उपास असल्याचे खोटे सांगून वरील महिलेचे अन्न टाळले, उपास एकूण सुमारे पंचवीस. सही केली. तिने कागदाची घडी घातली, "येते" म्हणाली आणि गेली. आभार मानले नाहीत. मी मात्र ती मानेल म्हणून वाट बघत होते, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मॅडम वयाने लहान, पंचविशीतल्या, आणि अशा गोष्टी त्यांनी पुस्तकातच वाचलेल्या असाव्यात, कारण त्या माझा कागद बातम्या वाचल्यासारखा सरळ वाचत गेल्या. ट्रेचं आलं तेव्हा नवरीबाई रडायला लागली आणि "मी गंमत केली" म्हणाली. जेवणाचं आलं तेव्हा काकू म्हणाल्या, "कुणी काय खावं यावर कंपनीचा नियम आहे का?" मग मॅडमनी ते पंचवीस उपास वाचले.

काकू माझ्याकडे वळल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला.

"म्हणजे तुझे सोमवार खोटे होते?"

"हो काकू."

"आणि अंगारकी?"

"ती पण."

"अगं, अंगारकी पण!" काकू मटकन खुर्चीत बसल्या. नाव लिहिल्याचं त्यांनी काही म्हटलं नाही. पण देवाच्या नावावर खोटं बोलणारी बाई आपल्याच टेबलावर बसून साबुदाणा खात होती, हे त्यांना पचेना. मॅडमना हसावं की रागवावं कळेना. निफाडवाली मात्र खाली बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

मॅडमनी तिला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

ती उभी राहिली. "माझ्या डब्यातलं कुणी खावंच, असं माझं काय म्हणणं नाय," ती म्हणाली. "माझ्या घरी खाणारी माणसं हायेत. मी झाकणात काढत होते, ती टेबलाची रीत होती म्हणून. माझ्या कामाला हात लावायचा नाय. माझ्या वस्तूंना हात लावायचा नाय. आणि काय म्हणायचं असेल ते माझ्या तोंडावर म्हणायचं, पित्तबित्त सांगायचं नाय. आणि हे कागदावर पाहिजे."

ते कागदावर आलं. नवरीबाईला लेखी समज मिळाली आणि तिची बदली पॅकिंगला झाली. काकूंना मॅडमनी एकटीला बसवून काय सांगितलं ते कळलं नाही, पण त्या बाहेर आल्या तेव्हा थकलेल्या दिसत होत्या. संध्याकाळी बसमध्ये मोबाइल वाजला. दोनच्या आकड्याच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं होतं. वाईट वाटायच्या आधी माझ्या मनात आलं, आता रोज सकाळी सहाला गुलाबाचं फूल आणि सुप्रभात येणार नाही. मग वाईट वाटलं. घरी जाईपर्यंत वाटतच राहिलं.

त्यानंतर लांब टेबलावर आम्ही दोघीच. बाकीच्या तिघी डबे घेऊन पंख्याखाली जाऊन बसल्या. मला वाटलं होतं, आता निफाडवाली प्रेमाने माझ्यापुढे झाकण सरकवेल. तिने सरकवलं नाही. आता झाकणात भाजीच काढेना. स्वतःचा डबा उघडायची, माझ्याशी मुलीच्या शाळेच्या, पाण्याच्या टँकरच्या गप्पा मारायची, सगळं खाऊन टाकायची. तीन दिवस मी वास घेत बसले. चौथ्या दिवशी पुन्हा शेंगोळे होते.

"थोडे देशील का गं?" मी शेवटी विचारलं.

"आज वार कुठला?"

"सोमवार."

"मग?"

"सोमवारी मी सगळं खाते," मी म्हणाले.

तिने डबाच माझ्याकडे सरकवला. इतकं हसली की तिला ठसका लागला आणि पाणी मी दिलं.

महिन्याभराने काकूंबरोबरच्या दोघींपैकी हुलगे उष्ण पडणारी परत आली. ती का आली विचारलं नाही. आली आणि म्हणाली, "तिकडे काकूंची दुधीची भाजी रोज असते." दुसरी आली नाही, अजूनही नाही. नवरीबाईच्या लग्नाची पत्रिका आम्हा दोघींनाही आली. मी गेले, निफाडवाली गेली नाही. "मी कशाला जाऊ?" म्हणाली.

काकू एप्रिलच्या शेवटी निवृत्त झाल्या. मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "त्या उपासांचं देवाला काहीतरी सांग बरं का. माफी माग." मी हो म्हणाले. निफाडवालीपाशी त्या थांबल्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं काहीतरी होईल. काकू म्हणाल्या, "येते." ती म्हणाली, "या." झालं.

माझ्या मनात मात्र तेव्हा मी बरीच मोठी झालेली होते. मैत्रिणीसाठी उभी राहिलेली बाई. एकदा बोलण्याच्या भरात तिला म्हणालेसुद्धा, आपण दोघी मैत्रिणी. ती म्हणाली, "बघू की. घाई काय हाय?"

जूनमध्ये एका रविवारी मी तिला घरी बोलावलं. बोलावलं तेव्हा धीर होता. ती मुलीला घेऊन मळ्याच्या वाटेने येताना दिसली आणि तो धीर गेला, कारण ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. कारखान्यात सही करणं एक आणि घरच्या ओट्यावर बोलणं एक. सासूबाईंनी काकूंसारखंच विचारलं, "कुठल्या म्हनायच्या तुम्ही?"

"माझ्या कामावरच्या आहेत," मी पटकन म्हणाले.

"ते ठाऊक हाय. मी त्यांना इचारलं."

निफाडवालीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग शांतपणे आपलं गाव सांगितलं, आणि गावातली कुठली वस्ती तेही सांगितलं. लपवायचं काहीच नाही अशा आवाजात. सासूबाईंनी मान हलवली, उठल्या आणि आत गेल्या. मी त्यांच्या मागे. त्या फडताळातून काचेचे कप काढत होत्या, पाहुण्यांचे, जे वर्षातून दोनदा निघतात. आता हे मानाने काढले, की रोजचे कप द्यायचे नाहीत म्हणून काढले? मी तिथेच उभी राहून विचार करत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? दूध ताप." आणि चार कप भरले. त्यातला एक स्वतःला घेतला.

पुढे दोघी अर्धा तास शेवंतीवर बोलल्या. निफाडवालीच्या वडिलांनी द्राक्षाच्या बागेत मजुरी करता करता स्वतःच्या दारात शेवंती लावली होती, पांढरी, मोठ्या फुलाची. सासूबाईंनी तिला शेंडा कसा खुडायचा ते दाखवलं, तिने सासूबाईंना मुंग्यांवर राखेचा उपाय सांगितला. तो त्यांना पटला नाही. दोघी वाद घालत बांधावर गेल्या. तिची मुलगी आणि मी मागे राहिलो. मुलीने मला विचारलं, "तुम्हीच का त्या उपासवाल्या?"

मायलेकींना रस्त्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी निफाडवालीला घाबरत विचारलं, "आईंचं काही वाईट नाही ना वाटलं? म्हणजे ते कप..."

"कुठले कप?" ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "चहात साखर कमी होती ताई. एवढंच."

सासूबाईंच्या मनात काय होतं, मी अजून विचारलेलं नाही. विचारायला हवं, हे मला कळतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी निघाले तर त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली शेवंतीची पाच रोपं माझ्या हातात दिली. "तिला दे. आन् राख टाकू नको म्हनावं, खोड जळतं." बसमध्ये ती मांडीवर धरून बसले. फडक्यातून माती गळत होती, माझी साडी चिखलाने भरली, आणि शेजारची बाई विचारत होती, कुणाकडे चाललीत रोपं. मी तिचं नाव सांगितलं.